ढवळणाऱ्या मण्याची काळी रेघ

मी मणी आहे. माळेतला नव्हे, प्रयोगशाळेतला. माझ्या पोटात चुंबकाची कांडी आहे आणि अंगावर टेफ्लॉनचे पांढरे कवच. आकाराने मी करंगळीच्या पेराएवढा. मला काचेच्या चंबूत टाकतात आणि चंबू एका यंत्रावर ठेवतात. यंत्राच्या आतला मोठा चुंबक फिरू लागला की त्याच्यामागे मीही फिरतो आणि चंबूतले द्रव ढवळले जाते. एवढेच माझे काम. निदान मी तसे समजत होतो.

आता मी फिरत नाही. भांडी धुण्याच्या कुंडीवर, बंद काचनळीत, तारेने टांगलेला आहे. इथे मी कसा आलो ते सांगतो. त्या हकिकतीत एका वृद्धाची आयुष्यभराची आशा पणाला लागली होती, आणि जिला मी कधी पाहिलेही नव्हते अशा एका मुलीचे भवितव्यही.

माझा जन्म कारखान्यातला. एकाच साच्यातून आम्ही शेकडो निघालो. आमच्यात थोरला कोणी नव्हता, धाकटा कोणी नव्हता. विधात्याने माणसांना वेगवेगळे घडवले, आणि ती एकमेकांसारखी होण्यासाठी धडपडतात. आम्हांला माणसाने सारखे घडवले, आणि वापराने आम्ही वेगळे झालो.

माझा पहिला मालक औषधांचे रेणू बांधणारा रसायनज्ञ होता. लहान तुकडे जोडत जोडत मोठा रेणू उभा करायचा, हे त्याचे शास्त्र. पण कार्बनला कार्बन सहजासहजी जोडला जात नाही. मध्ये कोणीतरी मध्यस्थ लागतो. त्याचा मध्यस्थ पॅलेडियम नावाचा धातू होता. चिमूटभर टाकला की हट्टी तुकडेही एकमेकांचा हात धरत. काम संपले की तो धातू काळ्या भुकटीच्या रूपाने तळाशी बसे. तळाशी मीच असे.

या मालकाला सगळे घाईदादा म्हणत. तो एका हाताने चंबू रिकामा करी आणि दुसऱ्या हाताने पुढचा भरी. वापरलेला मणी तीव्र आम्लात भिजत ठेवावा, असा तिथला नियम होता. दादा मला नळाखाली धरी, कोटाला पुशी आणि खणात टाकी. "तुला नंतर नीट धुतो हं," असे तो मलाच सांगे. ते नंतर कधी आले नाही. एकदा त्याने मला लोखंडी चिमट्याने ओढून काढले. माझ्या कवचावर लांब ओरखडा उमटला. त्या ओरखड्यात हळूहळू काळी रेघ भरली. मला ती दुखत नव्हती, म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिले नाही.

पुढे दादा औषधांच्या कंपनीत गेला. जाताना त्याने ओटा पुसला, खुर्ची सारखी केली. खण तसाच सोडला. तो ओटा ताईला मिळाला.

ताई शांत स्वभावाची होती. प्रत्येक वस्तू उचलण्याआधी ती क्षणभर तिच्याकडे पाही. खणातल्या मण्यांत तिच्या छोट्या चंबूच्या तळाशी नीट बसणारा मीच निघालो. तिने मला साबणाने धुतले, स्पिरिटने पुसले आणि उजेडात धरले. रेघ तिला दिसली. "जुना आहे, पण चालेल," ती म्हणाली. आपल्या दृष्टीने तिने मला स्वच्छ केले होते.

ताईचे मार्गदर्शक म्हणजे सर. निवृत्तीला आलेले, सडपातळ, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. ते श्रद्धाळू होते आणि ते लपवीत नसत. नव्या विद्यार्थ्यांना ते म्हणत, "देवानं हे जग भट्ट्या पेटवून चालवलेलं नाही. पानात, मातीत, तुमच्या-माझ्या पोटात, सगळं कोमट पाण्यात घडतं. ते कोण घडवतं?" मग स्वतःच उत्तर देत, "विकर. तुम्ही एन्झाइम म्हणा हवं तर. प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलंय, आणि तो ते निमूट करतो."

सरांचा एक विश्वास होता. कुजलेल्या पानांखालच्या मातीत एक जिवाणू राहतो. त्याच्या अंगातला एक विकर कार्बनला कार्बन जोडू शकेल, तोही धातूवाचून, उष्णतेवाचून आणि विषारी सांडपाण्यावाचून, असे त्यांना तरुणपणापासून वाटत आले होते. पुरावा मिळाला नव्हता. सभांमध्ये लोक त्यांचे म्हणणे ऐकून घेत आणि चहाच्या वेळी आपापसांत हसत. सरांना ते कळे. तरी ते पुढच्या सभेत तेच सांगत.

पुराव्यासाठी दोन तुकडे हवे होते. एकाच्या टोकाला आयोडीन, दुसऱ्याच्या टोकाला बोरॉन. ते ताईने स्वतः बांधले. एक पायरी चढावी तर दुसरीवर अर्धा माल वाया जाई. उरलेले पांढरे स्फटिक बोटाच्या टोकावर मावतील एवढे. ती त्या कुपीकडे, आजाऱ्याला औषध मोजून द्यावे तशा नजरेने पाही.

मग एके सकाळी तिने चंबूत कोमट द्रावण घेतले, दोन्ही तुकडे घातले, विकर घातला आणि मला सोडले. मी फिरू लागलो. दुपारनंतर तिने त्यातला एक थेंब पांढऱ्या लेपाच्या पट्टीवर टेकवला. ही पट्टी द्रवात उभी केली की त्या थेंबातले निरनिराळे पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर चढतात, आणि जांभळ्या दिव्याखाली त्यांचे ठिपके दिसतात. ताईने दिवा लावला. जिथे काही नसायला हवे होते तिथे एक नवा ठिपका होता.

दुसऱ्या दिवशी तिने प्रयोग पुन्हा लावला, ठिपका पुन्हा आला, आणि मग तिने सरांना बोलावले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पुन्हा लाव प्रयोग," ते म्हणाले.

"लावला सर. ही दुसरी पट्टी आहे."

सर स्टुलावर बसले. त्यांनी हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. फक्त "बरं" म्हणाले. पण तो "बरं" कोणाला उद्देशून होता ते मला कळले.

एक परीक्षा बाकी होती. विकर उकळला की अंडे उकडल्यासारखा गोठतो आणि निकामी होतो. अशा मेलेल्या विकराने ठिपका आला नाही, तरच जिवंत विकराचे श्रेय खरे ठरते. ताई दुसरा चंबू घेऊ लागली तेव्हा सर म्हणाले, "अगं, एवढे कष्टाचे तुकडे मेलेल्या विकरावर कशाला घालवतेस? चिमुकल्या नळ्यांत कर. हलवणाऱ्या यंत्रावर ठेव. पुरे होतं." ते काटकसरीचे बोलणे होते आणि तिला ते पटले. नळ्या इतक्या अरुंद की मणी आत जात नाही. यंत्रच त्यांना हलवते. नळ्यांमध्ये ठिपका आला नाही. सगळ्यांना आनंद झाला.

मी त्या वेळी माझ्या चंबूत होतो आणि नळ्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. मधले अंतर चार पावलांचे असेल. ते कोणाच्या लक्षात आले नाही.

शोध छापून आला. पूर्वी हसणाऱ्यांनी अभिनंदनाचे फोन केले. ताईला लवकरच पदवी मिळणार असे बोलले जाऊ लागले. आणि मला पदोन्नती मिळाली. ताईने मला झाकणाच्या वेगळ्या डबीत ठेवले आणि वर चिठ्ठी लावली : हात लावू नये. प्रयोगाआधी ती माझ्यावर नखाने टिचकी मारी. विज्ञान शिकलेली माणसेही अशी काहीतरी टिचकी मारतातच. शेजारच्या ओट्यावर वहिनी काम करीत. त्यांचे यजमान याच संस्थेत वरच्या मजल्यावर होते, म्हणून सगळ्या संस्थेच्या त्या वहिनी. यजमान त्यांना काय म्हणतात ते त्यांनी कोणाला कळू दिले नव्हते.

"काय गं, आज तुझ्या लाडक्याला आंघोळ-बिंघोळ घातलीस का?" वहिनी विचारीत.

"घातली."

"गंधपावडर तेवढी राहिली म्हणायची."

मी खोटे बोलणार नाही. मला ते आवडे. त्या डबीत माझ्या जातीचा दुसरा कोणी नव्हता.

शोध छापला की दुसऱ्या कोणी तो करून पाहावा, ही या लोकांची रीत आहे आणि ती चांगली आहे. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने तो करून पाहिला. ठिपका आला नाही. सरांनी ताईच्या हातचा विकर तिकडे पाठवला, तिने बांधलेल्या तुकड्यांतले थोडे पाठवले. तरीही आला नाही. तिथल्या प्रमुखांनी फोन केला तेव्हा सर ताईच्या ओट्याशीच उभे होते.

"आमच्याकडे दर वेळी येतो हो," सर म्हणाले. "तुमच्याकडे कोण करतंय? नवीन मुलगी? मग तिच्या हाताला गुण नाही, दुसरं काय?"

हे त्यांनी सहज म्हटले. थोर माणसाचे सहज वाक्य लहान माणसावर दगडासारखे पडते, हे त्यांना त्या क्षणी सुचले नाही.

काही दिवसांनी ताईचा फोन वाजला. तिच्या हातांत रबरी मोजे होते, म्हणून तिने कोपराने बटण दाबून फोन ओट्यावरच ठेवला. आवाज कोवळा होता.

"ताई, मी तिकडून बोलतेय. तो ठिपका न येणारी."

ताई हसली. "बोल ना."

"माझं काय चुकतंय ते सांगाल का? मी पाणी बदललं, बरण्या बदलल्या, सगळं तुमच्यासारखंच केलं. आमचे सर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर तुझी जागा दुसऱ्याला देऊ. तुमच्या सरांसारख्या मोठ्या माणसानं म्हटलंय म्हणे, माझ्या हाताला गुण नाही. घरी अजून कळवलं नाहीये मी."

ताईचे हसू गेले. तिने मुलीला प्रयोग पुन्हा पायरीपायरीने सांगितला. मुलगी प्रत्येक पायरीला "हो, तसंच केलं" म्हणत राहिली. फोन संपल्यावर ताई बराच वेळ मोजे काढायची विसरली.

"एवढं तोंड का पाडलंस?" वहिनींनी विचारले.

ताईने सांगितले.

वहिनींना कोणाचे दुःख सहन झाले नाही की त्या थट्टा करीत. "विकर पाठवलास, तुकडे पाठवलेस. आता तो तुझा मणीपण पाठवून दे कुरियरनं. म्हणावं, खरा गुण याच्या अंगात आहे."

दोघी हसल्या. वहिनी आपल्या कामाला वळल्या. ताईने माझी डबी उघडली, टिचकी मारायला नख पुढे केले, आणि बोट तसेच हवेत राहिले.

ती माझ्या काळ्या रेघेकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवसापासून रोज एक, असे तिने चार चंबू मांडले. सारख्याच काचेचे, सारख्याच मापाचे. पहिल्यात जिवंत विकर आणि मी. तो प्रयोग नेहमीसारखाच झाला, ठिपका आला. मला धुऊन तिने दुसऱ्यात सोडले. तिथे उकळून गोठवलेला विकर होता. मी फिरलो. ठिपका आला. तिसऱ्यात विकर नव्हताच. कोमट द्रावण, दोन तुकडे आणि मी. ठिपका आला. चौथ्यात तिने जिवंत विकर घातला आणि पाकिटातून काढलेला कोरा मणी. दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली. दिव्याखाली पट्टी कोरी होती.

मला तेव्हा कळले. मी नुसता फिरत नव्हतो. माझ्या ओरखड्यातला तो काळा कण पाण्यात उतरून तुकडे जोडत होता, आणि मान त्या बिचाऱ्या विकराला मिळत होता. मला स्वतःच्या अंगात काय आहे ते ठाऊक नव्हते. ताईलाही नव्हते. तिने प्रेमाने जपले होते ते नेमके तेच.

दुसऱ्या सकाळी तिने घाईदादाला फोन लावला.

"दादा, तुझ्या खणातले मणी तू कशात वापरायचास?"

"अगं, पॅलेडियमशिवाय मी आयुष्यात दुसरं केलंय काय? का गं?"

"एकावर काळी रेघ आहे."

दादाचा आवाज उतरला. मग, "धुतलास ना वापरण्याआधी?"

"साबणानं. स्पिरिटनं."

"म्हणजे आंघोळ घातलीस! अगं ते आंघोळीनं जात नाही, त्याला आम्लात रात्रभर... काय झालं? ताई? काही बिघडलं का?"

"नाही दादा," ती म्हणाली. "मीच विचारायला हवं होतं. पहिल्या दिवशी."

वहिनींनी सगळे ऐकले होते. त्या स्टूल ओढून ताईजवळ बसल्या. या खेपेस थट्टा नव्हती.

"सरांची सभा परवावर आलीय," त्या हळू म्हणाल्या. "निरोपाचं भाषण आहे त्यांचं. सगळे येणार. होऊन जाऊ दे. मग सावकाश दुरुस्ती छापू. कोणाचं काय जातंय?"

"वहिनी, सर देवमाणूस आहेत."

"म्हणूनच म्हणते ना! त्यांना शेवटी तरी सुख मिळू दे."

"आणि ती मुलगी?"

वहिनींनी पदराला हात पुसले. ते कोरडेच होते.

थोड्या वेळाने त्या उठल्या आणि एक स्वच्छ काचनळी घेऊन आल्या. "डबीतून नको नेऊस त्याला," त्या म्हणाल्या. "यात ने. म्हणजे रेघ दिसेल."

सरांचे घर संस्थेच्या मागच्या रस्त्यावर होते. ताईच्या कोटाच्या खिशातून मी तिथे गेलो. दार काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, उघडले. खुर्चीत सर भाषणाचे कागद घेऊन बसले होते. ते वाचीत आणि काकू भाजी निवडता निवडता चुका काढीत, असे त्यांचे चालले होते.

"बरं झालं आलीस," काकू म्हणाल्या. "मघापासून सांगतेय, 'मी' फार वेळा येतंय यात. माझं ऐकत नाहीत. तू सांग."

"संपादक घरचाच असला की लेखकाचे हाल असतात," सर हसून म्हणाले. मग त्यांनी ताईचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

ताईने नळी मेजावर ठेवली. ती बसली नाही. जे घडले ते तिने थोडक्यात सांगितले. सरांनी मधे तोडले नाही. शेवटी त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"उकळलेल्या विकरानं?"

"आला, सर."

"आणि विकर नसताना?"

"तरीही आला."

काकूंचे हात थांबले. सरांनी नळी उचलून डोळ्यांजवळ नेली. दोऱ्याने बांधलेला चष्मा कपाळावर सरकवून ते माझ्या रेघेकडे पाहत राहिले. त्यांचा श्वास काचेवर उमटला आणि विरला.

"तुला आजच यायचं होतं?" ते म्हणाले. स्वर चढला नाही, पण कठीण झाला. "परवा झाल्यावर आली असतीस तर?"

"परवा झाल्यावर आले असते, तर तुम्हीच विचारलं असतंत, आधी का नाही आलीस."

सर उठले. आतल्या खोलीत, जिथे ते रोज प्रार्थनेला बसत, तिथे गेले. दार लोटले गेले. ताईचे डोळे भरून आले.

"बस गं," काकू म्हणाल्या. "ते भांडायला गेलेत."

"कोणाशी, काकू?"

"त्याच्याशीच. दुसऱ्या कोणाशी भांडले तर त्यांना जेवण जात नाही." त्यांनी पुन्हा भाजी हातात घेतली, पण एकच देठ कितीतरी वेळ खुडत राहिल्या.

सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा थकलेला होता, पण शांत होता. ते ताईसमोर बसले.

"नळ्यांत कर, असं तुला मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "तू चंबू घेतला होतास. हात मी अडवला. काटकसर म्हणून नव्हे. मला भीती होती. ठिपका तिथंही आला असता तर? मला हवी होती त्या गोष्टीची परीक्षा मी मऊ घेतली."

"सर, मणी मी ठेवला होता."

"मण्यात काय आहे ते तुला माहीत नव्हतं. माझ्या मनात काय आहे ते मला माहीत होतं." मग नळीकडे पाहून, "तो विकर बिचारा. मातीत सडलेली पानं कापून त्यातली साखर सुटी करतो. एवढंच त्याला नेमून दिलंय. तेवढ्यावर जंगलं उभी आहेत. मला ते पुरलं नाही. मी त्याच्यावर न केलेल्या कामाचा मान लादला, आणि वर म्हणत राहिलो की देवानं नेमलंय."

काकूंनी भाषणाचे कागद उचलले, एकावर एक सारखे केले आणि विचारले, "मग हे?"

"पाठकोरे आहेत," सर म्हणाले. "मागच्या बाजूला नवीन लिहितो. यात 'मी' आणखी जास्त वेळा येईल हं. या खेपेस खोडू नकोस."

सभेच्या दिवशी मी सरांच्या सदऱ्याच्या खिशात होतो. सभागृह भरले होते. माणसे सरांचा गौरव ऐकायला आली होती. सरांनी मला बाहेर काढले आणि नळी दिव्यासमोर धरली. मागच्या रांगेतून मी दिसलो नसेन. म्हणून सरांनी माझी रेघ मोठ्या पडद्यावर दाखवली. मग त्यांनी सगळे सांगितले. चंबू कोणता, नळ्या कोणत्या, मणी कुठे होता, कुठे नव्हता, आणि नळ्यांचा सल्ला कोणाचा. शोध मागे घेतल्याचे पत्र त्याच सकाळी पाठवल्याचेही सांगितले.

काही लोक उठून गेले. कोणीतरी हसले. सर थांबले नाहीत.

"आणखी एक," ते म्हणाले. "एका मुलीला हा प्रयोग जमला नाही. तिच्या हाताला गुण नाही, असं मी म्हणालो होतो. तिचे प्रमुख इथं बसले आहेत. त्यांच्यासमोर सांगतो. आमच्या सगळ्यांत एकट्या तिच्या हाताला गुण होता. जे नव्हतं, ते नाही, असं तिनं सांगितलं. आणि आम्ही ऐकलं नाही. तिची क्षमा मागायला मी तिच्याकडे जाणार आहे. तुम्ही तिला तोवर तिथंच ठेवा, म्हणजे मला पत्ता शोधायला नको."

टाळ्या झाल्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मान खाली घातली आणि मग उभे राहून ते एवढेच म्हणाले, "पत्ता बदलणार नाही."

सर निवृत्त झाले. सन्मान व्हायचा होता तो झाला नाही. ताईची पदवी लांबली. तिने विषय बदलला आणि नव्याने सुरुवात केली. हे तिला सोपे गेले असे मी म्हणणार नाही. कधी कधी ती पट्टीवर कोरी जागा पाहून उगाच दिवा पुन्हा लावी. पण त्या मुलीचा फोन अधूनमधून येतो, आणि आता दोघी एकाच विकरावर काम करतात. तोच, पाने कापणारा. तो किती नेमकेपणाने कापतो, कुठे थांबतो, कशाला हात लावत नाही, हे त्या पाहतात. त्याच्याबद्दल कोणी फोन करून अभिनंदन करीत नाही. तो आपले काम करतो.

घाईदादा एकदा येऊन गेला. वहिनी म्हणाल्या, "या, मण्याचे तीर्थरूप आले." तो हसला नाही. त्याने आपला जुना खण रिकामा केला आणि सगळे मणी स्वतःच्या हाताने आम्लात भिजत घातले. मला मात्र ताईने धुऊ दिले नाही.

म्हणून मी इथे टांगलेला आहे. नवी मुले भांडी धुताना माझ्याकडे पाहतात आणि विचारतात, हे काय आहे? तेव्हा ताई त्यांना माझी रेघ दाखवते. मग ती दोन चंबू मांडते. जे खरे ठरावे असे वाटते त्याच्यासाठी एक, आणि जे खोटे ठरावे असे वाटते त्याच्यासाठी दुसरा. दोन्हींत ती एकाच पाकिटातला कोरा मणी टाकते. टिचकी मारत नाही.

वाचकहो, माझे मागणे थोडे आहे. तुम्हीही कोणाच्या तरी खणातून पुढच्याच्या हाती आलेले आहात. पहिल्या घरचे काय तुमच्या ओरखड्यात बसले आहे ते तुम्हांला दिसत नाही. ते साबणाने जात नाही. आणि जे तुम्हांला प्रिय आहे त्याची परीक्षा अरुंद नळीत घेऊ नका. त्यालाही तोच चंबू द्या.

गेल्या आठवड्यात सर इथे आले होते. काठी घेऊन चालतात आता. हात धुतले, रुमालाने पुसले, आणि माझ्यासमोर उभे राहिले. इकडे तिकडे कोणी नाही असे पाहून त्यांनी काचेवर नखाने हळूच टिचकी मारली.

"बरं," ते म्हणाले, आणि घरी गेले.